खेळण्यातली गाडी खरी, खरी गाडी खेळण्यातली: उघड्यावरचे फोटो आणि थोडा खोडसाळपणा

रुळसोडू

मंडळी, रेल्वेच्या फोटोंचे धागे निघतात तेव्हा बहुतेक वेळा इंजिनाचा वर्ग कोणता, नंबर काय, यावर चर्चा रंगते, ती करणाऱ्यांना माझा दंडवतच आहे पण मला त्यातलं फारसं कळत नाही. मला गोडी आहे ती वेगळ्याच उद्योगाची. मॉडेल गाडी घराबाहेर काढायची, माती, गवत, ऊन यांच्यात ठेवायची आणि असा फोटो काढायचा की बघणारा क्षणभर तरी फसला पाहिजे. नाहीतर उलटं करायचं, खरीखुरी गाडी लांबून अशी टिपायची की ती खेळण्यातली वाटावी. गणित दोन्हीकडे एकच, फक्त उलट्या बाजूने सोडवायचं.

म्हणजे बघा, फोटोतली वस्तू केवढी आहे हे फोटोत कुठेच लिहिलेलं नसतं, बघणारा अंदाज बांधतो आणि तो अंदाज माझ्या मते मुख्यतः तीन गोष्टींवरून बांधतो: कॅमेरा किती उंचीवर होता, पुढचंमागचं किती धूसर झालंय, आणि शेजारी ओळखीच्या मापाचं काय पडलंय. या तिघांपैकी एकाने जरी चुगली केली की खेळ खलास.

उंचीपासून सुरुवात करतो कारण तिथेच निम्मे फोटो मरतात. एचओ स्केल, म्हणजे मॉडेल गाड्यांचं एक माप, १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढी गाडी. माणसाच्या डोळ्याची उंची १६० सेंटीमीटर धरली तर त्या छोट्या जगात ती १८ मिलिमीटर भरते. आता तुम्ही उकिडवे बसून, कॅमेरा जमिनीपासून साठ सेंटीमीटरवर धरून फोटो काढलात तर त्या गाडीच्या हिशेबाने तुम्ही ५२ मीटर उंचीवर आहात, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीच्या गच्चीवरून रेल्वेचा फोटो काढताय. मग ते खेळणं दिसणार नाही तर काय होणार.

यावर उपाय फुकटचा आहे. मोबाईल उलटा धरायचा, म्हणजे लेन्सचं टोक खाली, आणि सरळ जमिनीवर टेकवायचा. लेन्स आपोआप मातीपासून दीड-दोन सेंटीमीटरवर येते. फोटो नंतर फिरवून घ्यायचा, बरेच फोन तर स्वतःच फिरवतात. पोटावर झोपायची तयारी ठेवा आणि जुने कपडे घाला.

तुम्ही काय काय करता ते लिहा, फोटो टाका, टिंगल केली तरी चालेल.

चष्मेवाली

वाचनखूण साठवली! माझ्याकडे भाच्याची लेगोची गाडी आहे, त्याला हे लागू होतं का? का ते मुळातच खेळणं दिसणार म्हणून सोडून द्यायचं?

रुळसोडू

लेगोला उलट जास्त मजा येते ताई. तिथे गाडी खरी वाटायची गरजच नाही, ती खेळण्यातलीच दिसणार आणि दिसू द्यायची, पण ती ज्या जगात फिरतेय ते जग तिच्यासाठी खरं आहे असं वाटलं पाहिजे. लेगोचा माणूस चार सेंटीमीटरचा, तर कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या रेषेत आणा. डबक्याच्या काठी रुळांचा एक तुकडा टाका, पाण्यात प्रतिबिंब येऊ द्या, माणसाला पाण्याकडे तोंड करून उभा करा. लगेच गोष्ट सुरू होते. मी तर म्हणेन फोटोत खोटं एकच असावं आणि बाकी सगळं अगदी प्रामाणिक असावं. गाडी खोटी असेल तर ऊन खरं, माती खरी, पाणी खरं. चार गोष्टी खोट्या केल्या की बघणारा कशावरच विश्वास ठेवत नाही.

तिरपागडा

धागा आवडला, पण धूसरपणाचा मुद्दा तुम्ही एका ओळीत उडवलात आणि खरी ग्यानबाची मेख तिथेच आहे म्हणून जरा लांबण लावतो.

फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, वस्तू साधारण ३५ सेंटीमीटरवर आणि एफ/८ (लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तेवढं भोक बारीक) असं धरलं तर पुढेमागे मिळून जेमतेम दीड सेंटीमीटर पट्टा फोकसमध्ये येतो. एचओमध्ये दीड सेंटीमीटर म्हणजे सव्वा मीटर. पंचवीस मीटरचा डबा त्या स्केलला २९ सेंटीमीटर लांब होतो, त्यातलं एक दार तेवढं स्पष्ट आणि बाकी सगळं लोणी. खऱ्या गाडीचा फोटो तुम्ही वीस मीटरवरून काढलात तर पहिल्या डब्यापासून शेवटच्या डब्यापर्यंत जवळजवळ सगळं स्पष्ट येतं, आणि हे आपल्या डोळ्याला इतकं सवयीचं झालंय की बोके (bokeh, म्हणजे पुढचंमागचं असं धूसर होणं) दिसला की मेंदू म्हणतो, वस्तू बारकी आहे.

म्हणून गंमत अशी की या एका कामात महागडा कॅमेरा मागे पडतो आणि मोबाईल बाजी मारतो. मोबाईलचा सेन्सर छोटा, लेन्सची खरी फोकल लेंथ काही मिलिमीटर, त्यामुळे फोकसचा पट्टा आपोआप खोल मिळतो. फक्त पोर्ट्रेट मोड लावू नका, तो मुद्दाम मागचं पुसतो, आपल्याला नेमकं तेच नकोय. आणि फार जवळ जाऊ नका, थोडं मागे सरून नंतर क्रॉप करा.

मोठाच कॅमेरा वापरायचा असेल तर एफ/२२ लावून सगळं सुटेल असं वाटतं पण तिथे डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो त्यामुळे, अख्खा फोटोच मऊ पडतो. त्यापेक्षा ट्रायपॉड लावून, एफ/८ किंवा एफ/११ ठेवून, फोकस थोडा थोडा मागे सरकवत अनेक फोटो घ्या आणि सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा, फोकस स्टॅकिंग. बाहेर त्याला एकच शत्रू, वारा. प्रत्येक फोटोत गवताची पाती वेगळ्या जागी आणि जोडल्यावर गवताला चार-चार टोकं. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हाच हे करावं.

घोरपड

लोणी 😂 लै भारी

गवताचं पण बोला कोणीतरी. माझ्या फोटोत गाडी बरी येते पण गवत असं दिसतं की जंगलात बांबूच्या बेटात गाडी शिरलीये

रुळसोडू

गवत हा तिसरा चुगलखोर. एक सेंटीमीटर गवत एचओमध्ये ८७ सेंटीमीटर, म्हणजे कमरेला लागेल. हिरवळीवर ठेवलीत तर गाडी गेलीच. त्याऐवजी शेवाळ शोधा. दगडावरचं, भिंतीच्या कडेचं शेवाळ जवळून झुडपासारखं दिसतं आणि त्याच्यात वाळक्या गवताची एकदोन बारीक टोकं खोचली की झालं. खडीचंही तसंच, रुळांखालची खरी खडी पाच-सहा सेंटीमीटरची धरली तर आपल्याला हवी ०.६ मिलिमीटरची, म्हणजे चाळलेली वाळू. बाजारात मिळणारी मासे पाळायच्या टाकीतली खडी टाकतात लोक, ती त्या मापात धोंडे होतात.

पान मात्र पडू देऊ नका. एक वाळकं पान फ्रेममध्ये आलं की डाव संपला, पानाचं माप सगळ्यांना पाठ असतं. किंवा मुद्दाम आणा आणि रुळांवर दरड कोसळल्यासारखं आडवं टाका, पुढे इंजिन थांबलेलं. हा माझा आवडता प्रकार, फसवायचं नाही, सरळ डोळा मारायचा.

कंटाळेश्वर

राग मानू नका पण हे सगळं कशासाठी? आता एआयला एक ओळ लिहिली की शेवाळातून जाणारी गाडी, पाऊस, धूर, इंद्रधनुष्य सगळं दहा सेकंदात मिळतं. मातीत लोळून पाठ धरून घ्यायची हौस समजत नाही.

चष्मेवाली

हौस म्हटल्यावर समजावी कशी लागते? 😄 मी आत्ताच पोटावर झोपून आले आणि भाचा शेजारी झोपून सूचना देत होता, ती मजा एआय देणारे का.

तिरपागडा

कंटाळेश्वर, तुमचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही, आणि लबाडीची परंपरा जुनीच आहे. ओ. विन्स्टन लिंक नावाचा अमेरिकन फोटोग्राफर, त्याने १९५५ ते १९६० या काळात नॉरफोक अँड वेस्टर्न रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांचे फोटो काढले, आणि बरेचसे रात्री. का, तर सूर्य आपल्या मर्जीने हलत नाही. रात्री अंधारात तो तारांनी जोडलेले फ्लॅश बल्ब पेरून ठेवायचा, एक बल्ब एकदाच पेटणार, गाडी आली की सगळे एकदम. वाफ फ्लॅशमध्ये पांढरीशुभ्र निघते. त्याचा सर्वात गाजलेला फोटो १९५६चा, वेस्ट व्हर्जिनियातल्या आयेगर गावातला: पुढे मोटारीत बसून सिनेमा बघणारे लोक, पडद्यावर विमान आणि मागून धडधडत जाणारी मालगाडी. तर ते पडद्यावरचं विमान त्याने नंतर डार्करूममध्ये दुसऱ्या निगेटिव्हवरून घातलंय, कारण त्या प्रचंड फ्लॅशमध्ये पडदा पांढराफटक पडला होता. तरी आज कोणी त्याला चोर म्हणत नाही कारण गाडी, माणसं, मोटारी, रात्र, सगळं तिथे होतं. रुळसोडू म्हणतात ते 'खोटं एकच' तिथेही लागू पडतं.

कंटाळेश्वर

हा फोटो शोधून बघितला. बरं, माघार नाही पण तह करायला तयार आहे.

शिट्टी_वाजली

मला एक आयडिया आहे, खेळण्यातलं इंजिन खऱ्या रुळावर ठेवायचं आणि खाली झोपून वाइड अँगलने काढायचं, मागे रूळ लांबवर क्षितिजाला मिळतायत. एकदम किलर फ्रेम!! सकाळी लवकर गेलं तर गाड्या कमी असतात

सांधेवाला

नको. एरवी मी नुसता वाचत बसतो पण यावर लिहावंच लागेल.

१. समोरून येणारी गाडी, विशेषतः विजेची, रुळाजवळ झोपलेल्या माणसाला खूप उशिरा ऐकू येते. दुसऱ्या रुळावरून एखादी जात असेल तर ऐकूच येत नाही.
२. ब्रेक मारला तरी वेगातली गाडी थांबायला शेकडो मीटर, कधी एक किलोमीटरहून जास्त लागतं. चालकाच्या हातात फक्त शिट्टी असते.
३. रूळ म्हणजे गाडीची रुंदी नव्हे. स्टँडर्ड गेजचे रूळ १.४३५ मीटरवर, डबा जवळपास तीन मीटर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर तो रुळाबाहेर असतो. 'मी रुळावर नव्हतो, बाजूला होतो' याला काही अर्थ नाही.
४. वरच्या तारेत बहुतेक नव्या मार्गांवर २५ हजार व्होल्ट असतात. पुलावरून सेल्फी स्टिक किंवा ट्रायपॉड खाली सोडायचा नाही, तारेला शिवायची गरज नसते, जवळ गेलं तरी विजेची उडी बसते.

आणि खऱ्या गाडीवर, खास करून रात्री, फ्लॅश मारू नका. समोर बसलेल्या माणसाला सिग्नल वाचायचा असतो.

ती फ्रेमच हवी असेल तर रेल्वे संग्रहालयात उभ्या करून ठेवलेल्या इंजिनांपुढचे रूळ असतात, परवानगी विचारून तिथे काढा. नाहीतर रस्त्यावरच्या पुलाच्या कठड्यावर मॉडेल ठेवा, खरी गाडी मागून खालून जाऊ द्या. कठड्याच्या आतल्या बाजूला, सुटून खाली पडणार नाही असं.

शिट्टी_वाजली

ओके ओके, कॅन्सल. कठड्याची आयडिया पण भारी आहे

रुळसोडू

सांधेवाला, धन्यवाद, हे पहिल्या पोस्टमध्ये वर जोडतो.

कठड्यावरून आठवलं, मागचा देखावा जोडायचा हाच मार्ग आहे. मॉडेल जमिनीवर ठेवलं की त्याच्या मागे लगेच खऱ्या मापाची जमीन, खऱ्या मापाचे दगड सुरू होतात. त्यापेक्षा फळीवर वाळू, शेवाळ, रुळांचा मीटरभर तुकडा मांडायचा आणि फळी भिंतीवर किंवा स्टुलावर उचलायची. लेन्स फळीच्या पातळीला, म्हणजे फळीची मागची कड मधली सगळी जमीन झाकून टाकते आणि तिच्यापलीकडे थेट लांबची झाडं, टेकडी, आभाळ. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं, म्हणून ते इंजिनाच्या साधारण १८ मिलिमीटर उंचीवर कापलं गेलं तर माप जुळलं समजा. इंजिन एकूण पाच सेंटीमीटरच्या आत असतं, म्हणजे खालून तिसऱ्या हिश्शाच्या जरा वर. हे जुळलं की लांबची खरी झाडं मॉडेलच्या जगातली होऊन जातात, रंगवलेला पडदा लागत नाही.

घोरपड

पण बाहेरच कशाला? घरात दिवे लावून जास्त कंट्रोल मिळेल ना, सूर्य ढगाआड गेला की बोंब

तिरपागडा

कारण सूर्य स्केलप्रमाणे वागतो आणि बल्ब वागत नाही. हे मला फार आवडतं म्हणून सांगतो.

सावलीची कड कधीच धारदार नसते, थोडी पुसट असते, कारण सूर्य ठिपका नाही, आभाळात अर्ध्या अंशाएवढा दिसतो. त्या पुसट पट्ट्याची रुंदी, सावली जिच्यामुळे पडते ती वस्तू आणि सावली पडते ती जागा यांच्यातल्या अंतराच्या साधारण शंभराव्या-एकशेदहाव्या भागाइतकी. खरा खांब, दहा मीटर अंतर, पुसट पट्टा नऊ सेंटीमीटर. मॉडेलचा खांब, साडेअकरा सेंटीमीटर अंतर, पट्टा एक मिलिमीटर. ९ सेंटीमीटर भागिले ८७ करा, तेवढाच येतो! म्हणजे मॉडेलच्या सावल्या खऱ्या सावल्यांची हुबेहूब लहान प्रत असतात, काहीही न करता. शिवाय सूर्य इतका लांब की पहिल्या डब्यावर आणि दहाव्या डब्यावर उजेड सारखाच, सगळ्या सावल्या एकमेकींना समांतर. घरातला दिवा मीटरभरावर, पुढचा डबा झगझगीत, मागचा काळोखात, सावल्या पंख्यासारख्या पसरलेल्या. दोन दिवे लावले तर प्रत्येक खांबाला दोन सावल्या, म्हणजे त्या जगात दोन सूर्य.

सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन घ्या. दुपारी प्लॅस्टिक चकाकतं आणि छताखालचं सगळं, चाकं वगैरे, काळं होऊन जातं. चकाकी मारायला मॅट वार्निशचा हलका फवारा, किंवा खडूची पूड ब्रशने चोपडा, धूळही आपोआप होते.

चष्मेवाली

दोन सूर्य 😂 हे डोक्यातून जाणार नाही आता, कुठलाही मॉडेलचा फोटो बघितला की खांब शोधते.

उलट्या बाजूबद्दल लिहा ना कोणीतरी, खरी गाडी खेळण्यासारखी. ती मोबाईलमधल्या मिनिएचर इफेक्टने होते का?

रुळसोडू

होते, पण इफेक्ट नुसता लावला तर निम्म्या वेळा फसतो. मुळात हे येतं टिल्ट लेन्समधून, लेन्स तिरकी केली की फोकसचं प्रतल तिरकं होतं. त्या नियमाला श्याइम्पफ्लुग म्हणतात, थिओडोर श्याइम्पफ्लुग या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याच्या नावावरून, १९०४ साली त्याने पेटंट घेतलं आणि त्याला हवं होतं फुग्यांमधून काढलेले नकाशाचे फोटो नीट सरळ करणं. आपण ते वापरतो आगगाडीचं खेळणं करायला.

मोबाईलमध्ये वरचा आणि खालचा भाग धूसर करून तेच केलं जातं. त्यासाठी उंचावर जा, टेकडी, उंच इमारत, रस्त्याचा पूल, आणि तिरकं खाली बघा. मघाचंच गणित, उंचीवरून बघितलेली गाडी टेबलावरची वाटते. रंग थोडे जास्त भडक करा. आणि मुख्य म्हणजे फ्रेममध्ये उंच सिग्नल किंवा खांब घेऊ नका. खांब आडव्या पट्ट्यातून वर धूसर भागात शिरतो, मग बुंधा स्पष्ट आणि टोक पुसट असं दिसतं, वास्तविक खांबाचं टोक आणि बुंधा कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. तिथे ढोंग उघडं पडतं. सपाट यार्ड, ओळीने उभ्या मालगाड्या, हे सर्वात उत्तम.

घोरपड

आणि ते चिमटीत गाडी धरल्याचे फोटो? मी ट्राय केला तर एकतर बोटं धूसर नाहीतर गाडी

तिरपागडा

हायपरफोकल वापरा, म्हणजे फोकस अशा अंतरावर लावायचा की जवळपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर, एफ/१६, फोकस साधारण १.२ मीटरवर लावून सोडून द्या. साठ सेंटीमीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट. हात लांब केला की बरोबर साठ सेंटीमीटर. आता २०० मीटरवरचा पंचवीस मीटर लांब डबा त्या अंतरावर साडेसात सेंटीमीटर दिसतो, अंगठा आणि तर्जनीत मावतो. ३०० मीटरवर गेलात तर पाच. गाडी धावती असेल तर शटर १/१००० ठेवा, ताशी ९० किलोमीटरची गाडी तेवढ्यात अडीच सेंटीमीटर पुढे जाते, लांबून कळतही नाही. मोबाईलवर बोटं थोडी पुसट येणारच, तिथे दोन फोटो काढून जोडा. कंटाळेश्वर खूश होतील.

कंटाळेश्वर

झालो.

माझ्याकडून पण एक घ्या मग, लोळायला न लागणारा. मोबाईल प्लॅटफॉर्मवर पिवळ्या रेषेच्या आत ट्रायपॉडला लावायचा, समोरून जाणाऱ्या गाडीचा सेकंदाला ६० फ्रेम्सचा व्हिडिओ घ्यायचा, आणि प्रत्येक फ्रेममधून मधली एक बारीक उभी पट्टी कापून सगळ्या शेजारी शेजारी चिकटवायच्या. अख्खी गाडी एका लांबलचक फोटोत येते, इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत, कुठेही पर्स्पेक्टिव्ह नाही, आणि मागचं स्थिर सगळं आडव्या रेघा होऊन जातं. गाडी सेकंदाला १५ मीटर जात असेल तर एका फ्रेममध्ये पाव मीटर, तेवढ्या रुंदीची पट्टी घ्यायची. गाडी मध्येच हळू झाली तर तिथले डबे रबरासारखे ताणले जातात, जोरात गेली तर चेपतात. शर्यतीतल्या फोटो फिनिशचं तंत्र हेच. स्क्रिप्ट लिहिता येत असेल तर दहा ओळींचं काम.

रुळसोडू

अहो तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! हा वेगळा धागा व्हायला हवा.

शिट्टी_वाजली

मॉडेल चालवून व्हिडिओ घेतला तर? माझा व्हिडिओ बघून मित्र म्हणाला रॉकेट आहे का

तिरपागडा

वेगही ८७ ने भागा. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर, मॉडेलला सेकंदाला २९ सेंटीमीटर. मीटरभर जायला साडेतीन सेकंद लागले पाहिजेत, लोक एका सेकंदात पळवतात. पण पाणी, पडणारी वाळू असं काही फ्रेममध्ये असेल तर हा हिशेब चालत नाही, गुरुत्वाकर्षण लहान होत नाही ना. तिथे स्केलच्या वर्गमुळाइतका स्लो मोशन लागतो, ८७चं वर्गमूळ ९.३, म्हणजे सेकंदाला साधारण २४० फ्रेम्सवर शूट करून २५ने दाखवा आणि मग गाडीसुद्धा त्या मानाने जोरात पळवा. तरी पाण्याचे थेंब मोठेच दिसतात, त्याला इलाज नाही. वाहतं पाणी टाळा, साचलेलं घ्या.

सांधेवाला

वाळूत मोटरचं इंजिन नेऊ नका एवढंच. मोटरमध्ये चुंबक असतं, काळ्या वाळूतले लोहकण ओढले जातात आणि गिअरमध्ये बसतात. बाहेरच्या फोटोला मोटर काढलेलं इंजिन न्या, दोऱ्याने ओढा.

चष्मेवाली

घ्या, पहिला प्रयत्न टाकला आहे. लेगो नाही, शेजाऱ्यांकडून एचओचा एक डबा मागून आणला. उलटा मोबाईल, शेवाळ, फळी, संध्याकाळचं ऊन. सावली एकच आहे, मोजून बघितली!

रुळसोडू

ताई, जबरदस्त. सावली, क्षितिज सगळं जुळलंय. फक्त डब्याच्या छतावर एक केस पडलाय, झूम करून बघा. पुढच्या वेळी शटर दाबायच्या आधी मऊ ब्रश फिरवा. माणसाचा केस एचओमध्ये सहा-सात मिलिमीटर जाडीची केबल होतो.

सांधेवाला

ओव्हरहेडची खरी संपर्क तार बारा मिलिमीटरच्या आसपास असते. अजून एक केस टाका, चालून जाईल.